मूलपेशी आणि भडकलेली प्रतिकारशक्ती



'स्टेम सेल' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो घरात पाळणा हलायच्या वेळी. सिंगापूरमध्ये हॉस्पिटलात नाव नोंदवलं की नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपन्यांची पत्रकं हातात पडतातच. माझ्या घरी मात्र हा शब्द वेगळ्या वाटेने आला. २०१६ साली माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला. केमोथेरपीनंतर बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट करायचं ठरलं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमचं जुळलं. रजा टाकून मुंबईला गेलो, रोज इंजेक्शनं घेतली, कंबरेची हाडं ठणकली, मग पाचव्या दिवशी चार-पाच तास मशीनला जोडून पडून राहिलो. माझ्या रक्तातून गाळून काढलेल्या मूलपेशींची पिशवी तिला चढवली. दिसायला ती पिशवी अगदीच साधी, टोमॅटोच्या साराच्या रंगाची.

तीन आठवड्यांत तिच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या आणि आईने इतके दिवस आवरून धरलेलं रडून घेतलं. पाचव्या आठवड्यात बहिणीच्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल पुरळ उठलं. पाठोपाठ जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, "दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीराशी भांडायला लागल्या आहेत." दाता मी होतो. माझ्याच पेशी तिची कातडी आणि आतडी सोलून काढत होत्या, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला.

तिला स्टेरॉइड लागू पडलं. आज ती नाशिकला शाळेत शिकवते आणि माझ्या रक्तगटावर फिरते. त्याच वॉर्डातल्या एका लहान मुलाला मात्र स्टेरॉइडचा काही उपयोग होत नव्हता. त्याचे वडील रात्री कॉरिडॉरमध्ये उभे असायचे. त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "तुम्ही सिंगापूरला असता ना, तिकडे याच्यावर काही निघालंय का हो?" मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे पुढचं सगळं जाणकारांनी लिहिलेलं वाचून, समजून घेऊन मांडलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

आधी एक गोंधळ दूर करू

मूलपेशी हे एका पेशीचं नाव नाही, ते आडनाव आहे असं समजा. एकाच आडनावाची माणसं जशी वेगवेगळे धंदे करतात तसंच हे. मी बहिणीला दिल्या त्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी. तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स त्यांच्यापासून बनतात. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवतात ते मुख्यतः याच पेशींसाठी.

बोन मॅरोत आणखी एक जात सापडते. तिचं नाव मेसेन्कायमल स्टेम सेल, थोडक्यात एमएससी. हाड, कूर्चा आणि चरबी तयार करण्याची क्षमता हिच्यात असते. मॉस्कोमधले शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत या पेशी ओळखल्या. त्यांची पद्धत मला फार आवडते. मॅरो प्लास्टिकच्या बशीत ओतायचा आणि काही दिवसांनी वरचं पाणी काढून टाकायचं. बाकीच्या पेशी वाहून जातात आणि या तळाला चिकटून राहतात. आजही त्यांना वेगळं काढण्याची पहिली पायरी हीच आहे. नाव मात्र खूप नंतरचं. ते १९९१ मध्ये अमेरिकेतल्या अरनॉल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं.

मॅरोतल्या दहा हजार पेशींत, काही वेळा लाख पेशींत, अशी एखादीच पेशी असते. त्यामुळे औषध म्हणून वापरायच्या तर आधी त्यांची पैदास करावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सिंगापूरचा संबंध इथूनच येतो.

रखवालदारच घर फोडतो तेव्हा

आपल्या शरीरात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. टी पेशी ती तपासत फिरतात, आपल्या ऑफिसच्या गेटवर पास तपासतात तसं. पास ओळखीचा नसेल तर ती पेशी मारली जाते. मारण्याची रीतही ठरलेली असते. टी पेशी समोरच्या पेशीच्या भिंतीला परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत सोडते. मग ती पेशी आतून स्वतःच मोडून पडते. विषाणू लागलेल्या पेशीचा असाच निकाल लागतो, म्हणून तर आपण जगतो.

बोन मॅरो ट्रान्सप्लान्टमध्ये गेट तेच राहतं आणि रखवालदार बदलतात. भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लान्ट मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केलं. पेशंट होती नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. तेव्हापासून आजपर्यंत या उपचारातली मोठी धास्ती एकच आहे, की नव्या घरी आलेल्या दात्याच्या टी पेशींना तिथलं सगळंच परकं वाटेल. या आजाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीझ म्हणतात. डॉक्टर मंडळी जीव्हीएचडी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

'पण तुमचं तर पूर्ण जुळलं होतं ना?' असं मला बरेच जण विचारतात. एचएलए जुळला तरी दोन भावंडांच्या शरीरातल्या असंख्य लहानसहान प्रथिनांत फरक उरतोच. शिवाय ट्रान्सप्लान्टच्या आधीच्या जबर केमोथेरपीने आतड्याचं अस्तर जखमी झालेलं असतं. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरभर धोक्याची घंटा वाजते. नव्या टी पेशी नेमक्या त्या गोंधळात येऊन पडतात. त्या भराभर वाढतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचा रासायनिक संदेश सोडतात, त्याने मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी चवताळतात, त्या आणखी ऊती फोडतात, त्यातून आणखी घंटा वाजते. इंजिनिअरिंगला शिकलेला पॉझिटिव्ह फीडबॅक लूप तो हाच. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात याला अस्थिर प्रणाली म्हणायचे आणि पुढचं गणित सोडून द्यायचे. इथे सोडून देता येत नाही. त्वचा, आतडी आणि यकृत या तीन अवयवांना सगळ्यात जास्त झळ बसते.

मग सगळ्या टी पेशी मारूनच का टाकत नाहीत? कारण त्याच टी पेशी लपून राहिलेल्या कॅन्सरच्या पेशीही वेचून मारत असतात. ट्रान्सप्लान्टचा अर्धा फायदा तोच. बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडंसं जीव्हीएचडी झालं तर आम्ही नाराज होत नाही. तेव्हा हे वाक्य ऐकून मला राग आला होता.

पहिला उपाय स्टेरॉइडचा. ते सगळ्या इमारतीचा मेन स्विच पाडल्यासारखं असतं. सुमारे निम्म्या पेशंटना ते पुरेसं ठरत नाही, आणि अशांतल्या गंभीर पेशंटची अवस्था फार बिकट होते.

या पेशी नेमकं करतात काय

एमएससी प्रतिकारशक्तीला आवरतात हे ध्यानात आलं ते साधारण २००२ च्या सुमारास. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बबून माकडांवर दुसऱ्या माकडाची कातडी लावली होती. अशी परकी कातडी एरवी सात दिवसांत झडून जायची. एमएससी दिलेल्या माकडांवर ती अकरा दिवसांवर टिकली. चार दिवसांचा फरक ऐकायला मामुली वाटेल, पण कुठलंही नेहमीचं औषध न देता तो मिळाला होता. त्याच सुमारास काचेच्या बशीत टी पेशींच्या शेजारी एमएससी ठेवल्या तर टी पेशींची वाढ थांबते, हेही दिसलं.

सुरुवातीला लोकांना वाटायचं की मूलपेशी जखमी जागी जातात, तिथे मुरतात आणि नवी ऊती तयार करतात. पत्रकांमध्ये आजही तेच चित्र असतं. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या बहुतेक एमएससी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. त्या नवं घर बांधत नाहीत. जळत्या घरावर पाणी मारतात आणि जातात.

पाणी मारण्याच्या त्यांच्या तऱ्हा अनेक आहेत. टी पेशींनी सोडलेला इंटरफेरॉन गॅमा एमएससीला लागला की ती आयडीओ नावाचं विकर तयार करू लागते. हे विकर आजूबाजूचं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल खाऊन टाकतं. ट्रिप्टोफॅनशिवाय टी पेशीला दुभंगून वाढता येत नाही. म्हणजे रसद तोडायची, हा आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून चांगला ठाऊक असलेला डाव. दुसरी तऱ्हा प्रोस्टाग्लॅन्डिन ई-२ ची. हे रसायन चवताळलेल्या मॅक्रोफेजचा स्वभावच पालटतं. ती पेशी मग आग लावणारे संदेश सोडायचं थांबवून इंटरल्यूकिन-१० हा शांत करणारा संदेश सोडू लागते. तिसरं, टीएसजी-६ नावाचं प्रथिन. न्यूट्रोफिल पेशी रक्तातून निघून ऊतीत घुसतात त्या वाटेवर ते त्यांना अडवतं. फुप्फुसात अडकलेल्या एमएससी तिथूनच हे प्रथिन रक्तात सोडतात आणि त्याचा फायदा दूरच्या हृदयाला होतो, असं २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं.

यात एक गंमत आहे. आजूबाजूला दाह नसेल तर या पेशी फारसं काहीच करत नाहीत. इंटरफेरॉनचा इशारा मिळाला तरच त्यांचं काम सुरू होतं. म्हणजे जिथे आग, तिथेच पाणी. आम्ही ऑफिसात असा प्रोग्राम लिहायला सहा महिने मागून घेतले असते.

मला सगळ्यात चकित केलं ते २०१७ च्या संशोधनाने. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फ्रान्चेस्को दाझी यांच्या गटाने दाखवलं की पेशंटच्या शरीरातल्या मारेकरी पेशी या एमएससींनाच मारून टाकतात. मेलेल्या एमएससी मॅक्रोफेज गिळतात आणि त्या गिळण्यामुळेच मॅक्रोफेज थंडावतात. ज्या पेशंटच्या रक्तात मारेकरी पेशी जोमात होत्या त्यांनाच उपचाराचा गुण आला. मारेकरी पेशी सुस्त होत्या त्यांच्यात एमएससी मेल्या नाहीत आणि गुणही आला नाही. कुणाला हे औषध लागू पडेल ते आधीच रक्त तपासून सांगता येईल, अशी आशा यातून निर्माण झाली.

कॅप्लन यांनीही २०१७ मध्ये एक लेख लिहून आपणच रूढ केलेलं नाव बदला असं सांगितलं. त्यांचं म्हणणं, या पेशींना मूलपेशी म्हणू नका, संदेश देणाऱ्या औषधी पेशी म्हणा. 'स्टेम सेल' म्हटलं की लोकांना वाटतं नवे अवयव उगवणार, आणि त्या समजुतीवर धंदा चालतो. नाव काही बदललं नाही.

स्टॉकहोमचा मुलगा आणि तुआसचा कारखाना

आता खऱ्या पेशंटकडे येऊ. स्टॉकहोममध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला ट्रान्सप्लान्टनंतर सर्वांत गंभीर प्रतीचं जीव्हीएचडी झालं. आतडी आणि यकृत दोन्हींवर घाला, आणि कुठलंच औषध चालेना. कातारिना ल ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आईच्या मॅरोतून एमएससी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्याला दिल्या. आईचा एचएलए निम्माच जुळत होता, पण या पेशींना ते फारसं आड येत नाही, कारण त्यांच्यावर पासच पुसट असतो. मुलगा सावरला. पुढे आजार उलटला तेव्हा त्याच पेशींचा दुसरा डोस दिला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा वृत्तान्त आला तेव्हा ट्रान्सप्लान्टला एक वर्ष होऊन गेलं होतं आणि मुलगा बरा होता. २००८ मध्ये त्याच गटाने इतर युरोपियन केंद्रांसह ५५ पेशंटचा अनुभव छापला. त्यातल्या ३० जणांचं जीव्हीएचडी पूर्ण ओसरलं होतं, आणखी ९ जणांत सुधारणा होती.

इथून पुढची वाट सरळ असेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओसिरिस कंपनीच्या मोठ्या चाचण्यांत औषध आणि खोटं औषध यांत ठरवलेल्या निकषावर फरक दिसला नाही. लहान मुलांमध्ये मात्र गुण दिसत होता. कॅनडाने २०१२ मध्ये मुलांसाठी सशर्त परवानगी दिली, जपानने २०१५ मध्ये स्वतःचं असंच औषध मंजूर केलं. ओसिरिसचं काम पुढे मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने घेतलं. तिने ५४ मुलांवरची चाचणी पुढे केली. स्टेरॉइडने गुण न आलेल्या या मुलांपैकी ७० टक्के मुलांना २८ दिवसांत गुण आला, एकूण मुलांपैकी ३० टक्क्यांचा आजार पूर्ण ओसरला.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हे औषध परत पाठवलं. आक्षेप रास्त होते. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दर वेळी तयार होणाऱ्या पेशींची ताकद सारखीच आहे हे कसं मोजणार, हा प्रश्न होता. गोळीचं वजन करता येतं, जिवंत पेशीच्या स्वभावाचं काय करणार? शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली. दोन महिन्यांपासून पुढच्या मुलांमध्ये, स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीसाठी. एमएससीपासून बनवलेलं अमेरिकेत मंजूर झालेलं हे पहिलं औषध, नाव रायॉनसिल.

आणि मंडळी, हे औषध तयार होतं आपल्या तुआसला. लोन्झा कंपनीच्या तिथल्या कारखान्यात. एमआरटीच्या हिरव्या लाइनने पश्चिमेला जात राहिलं की जिथे रूळ संपतात त्या बाजूला. आपल्यातले कितीतरी जण कामानिमित्त तिकडे जातात, गोदामं आणि कंटेनर बघून परत येतात. तिथे निरोगी माणसांनी दान केलेल्या मॅरोतून त्या लाखातल्या एका पेशीची पैदास करून, ती अतिथंड तापमानात गोठवून अमेरिकेला रवाना केली जाते. डोस असतो वजनाच्या दर किलोला वीस लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. वीस किलोच्या मुलाला एका वेळी चार कोटी पेशी लागतात. कॉरिडॉरमधल्या त्या गृहस्थांना आज माझ्याकडे उत्तर आहे, ते आठ-नऊ वर्षं उशिरा मिळालं.

किमतीचंही सांगायला हवं. अमेरिकेतली छापील किंमत एका डोसला १ लाख ९४ हजार डॉलर. आठ डोसांचे साडेपंधरा लाख डॉलर होतात. मुंबईच्या वॉर्डातल्या त्या मुलापर्यंत हे कधी पोचणार, याचा हिशोब मला जमत नाही.

बायोपोलिसमधलं काम

सिंगापूरचा दुसरा वाटा संशोधनाचा आहे. वन-नॉर्थला २००३ साली बायोपोलिस उघडलं. तिथे ए-स्टारच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल बायॉलॉजीमध्ये डॉ. लिम साई कियांग यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला. एमएससी संदेश पाठवून काम करतात, तर मग पेशी द्यायच्याच कशाला? नुसते संदेश दिले तर?

त्यांनी हृदयविकाराचा नमुना निवडला. हृदयाची तुंबलेली वाहिनी उघडली की रक्त परत येतं, पण त्या रक्ताबरोबर न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजचे लोंढेही येतात आणि वाचू शकली असती अशी ऊतीही मारली जाते. एमएससी ज्या द्रवात वाढवल्या तो नुसता द्रव दिला तरी प्राण्यांच्या हृदयाचं नुकसान कमी होत होतं. त्या द्रवात नेमकं कामाचं काय आहे, हे गाळत गाळत शोधताना २०१० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ते काम एक्सोसोम करतात. एक्सोसोम म्हणजे पेशीने बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुड्या, साधारण शंभर नॅनोमीटरच्या, माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान. एमएससीच्या एक्सोसोमांचा असा उपयोग प्रथम इथे दिसला. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात, वाहिनी उघडण्याआधी एकच डोस दिलेल्या उंदरांमध्ये हृदयाचा मेलेला भाग ४५ टक्क्यांनी लहान निघाला, आणि तिथे घुसलेले न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजही कमी होते. पुड्या फोडून आतला माल तसाच दिला तर फायदा झाला नाही, पुडी अखंडच हवी होती.

पेशीपेक्षा पुडी साठवायला सोपी, आणि ती जिवंत नसल्यामुळे शरीरात वाढून बसण्याची भीती नाही. म्हणून जगभर यावर काम चाललं आहे. पण इथे मला हात जोडून सांगायचं आहे की उंदीर आणि माणूस यांत फार अंतर आहे. सलूनमध्ये 'एक्सोसोम फेशियल'च्या पाट्या दिसतात त्यांचा आणि या संशोधनाचा संबंध नावापुरताच आहे.

पुणेकरांना आवडेल म्हणून सांगतो. गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, तिथे मोहन वाणी यांच्या प्रयोगशाळेने इंटरल्यूकिन-३ या संदेशावर बरीच वर्षं काम केलं आहे. आमवातात प्रतिकारशक्तीच्या चिथावणीने हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार होतात. हा संदेश त्या घडण्यालाच आडकाठी करतो आणि उंदरांमध्ये सांधे वाचवतो, तसंच माणसाच्या एमएससीला हाड बांधण्याकडे वळवतो, असं त्यांच्या कामातून पुढे आलं.

काकूंचा प्रश्न

मागच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना एका मित्राने विचारलं. त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, बरीच वर्षं आमवात आहे. सांगलीत राहतात. कुणीतरी त्यांना 'स्टेम सेल'ची तीन इंजेक्शनं सुचवली आहेत, खर्च तीन लाख. काकू म्हणतात, मुलगा सिंगापूरला आहे, पैशाचं काय एवढं. मित्राने माझ्यासमोर फोन काढला तेव्हा पैसे पाठवायचं पान उघडलेलंच होतं.

मी त्याला जे सांगितलं ते असं. तत्त्व खोटं नाही, आमवातात प्रतिकारशक्तीच सांधे पोखरते आणि या पेशी तिला आवरतात. पण तत्त्व आणि औषध यांच्यामध्ये चाचण्या असतात, आणि चाचण्यांत भल्याभल्यांची विकेट गेली आहे. क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारातल्या नाडीव्रणासाठी युरोपने २०१८ मध्ये अशा पेशींचं औषध मंजूर केलं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर मेसोब्लास्टने केलेली चाचणीही डिसेंबर २०२० मध्ये फायदा दिसत नाही म्हणून थांबली.

भारतात बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या एमएससींना २०१६ मध्ये मर्यादित मंजुरी मिळाली ती बर्जर्स डिसीझसाठी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात तो हा आजार. २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मिळाली. झीज म्हणजे आमवात नव्हे, ही गल्लत जाहिरातींत हमखास केली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मंजुरी नसलेल्या आजारात मूलपेशी द्यायच्या तर त्या परवानगी घेतलेल्या चाचणीतच देता येतात. सिंगापुरातही १ मार्च २०२१ पासून पेशींची उत्पादनं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत.

म्हणून मित्राला म्हटलं, त्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचार. ही चाचणी आहे का, असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा क्रमांक द्या. आणि चाचणी असेल तर आम्ही पैसे कशाचे भरायचे? त्याने विचारलं. क्रमांक मिळाला नाही, इंजेक्शनांवर सूट मात्र मिळाली. काकू आता मिरजेच्या संधिवाततज्ज्ञाकडे नेहमीच्या गोळ्या नियमित घेत आहेत. काकू माझ्यावर थोड्या नाराज आहेत असं ऐकतो.

साठवलेलं नाळेचं रक्त यात उपयोगी पडेल का, असंही दोघा-तिघांनी विचारलं. नाही, त्या प्रामुख्याने रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी, वर सांगितलं तसं. आणि साठवणं म्हणजे सुरक्षित राहणं असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयाने एका खासगी बँकेच्या टाक्यांमधलं तापमान बिघडल्याचं आणि सुमारे २,२०० नमुने खराब झाल्याचं जाहीर केलं, ते आपल्यापैकी काहींना प्रत्यक्ष भोगावं लागलं आहे.

दात्यांची यादी

जीव्हीएचडी आटोक्यात आणण्याच्या या सगळ्या खटाटोपापेक्षा दाता जितका चांगला जुळेल तितकं जीव्हीएचडी मुळातच कमी, हे सगळ्या डॉक्टरांचं एकमत. सख्खं भावंड न जुळणाऱ्यांना अनेकदा परक्या दात्यावर अवलंबून राहावं लागतं, आणि जुळणारा परका बहुधा आपल्याच वंशाचा निघतो. सिंगापूरच्या यादीत चिनी नावं जास्त असणार हे उघड आहे. इथल्या मराठी, तमिळ, गुजराती मुलाला दाता लागला तर शोध आपल्यातच घ्यावा लागतो.

सिंगापूरमध्ये बोन मॅरो डोनर प्रोग्रॅम ही संस्था १९९३ पासून ही यादी ठेवते. १७ ते ४९ वयाच्या निरोगी माणसाला नाव देता येतं. त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज भरला की घरी किट येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती परत पाठवायची, एवढंच. नाव दिलेल्या बहुतेकांना कधीच बोलावणं येत नाही. आलं तर बहुधा मी केलं तेच करावं लागतं, चार-पाच दिवस इंजेक्शनं आणि एक दिवस मशीन. हाडं दुखतात, त्यावर साधी वेदनाशामक गोळी चालते, आणि दोन-तीन दिवसांत माणूस कामावर जातो. घरात आधी बोलून घ्या, कारण ऐन वेळी 'आमच्या मुलाला काही होणार नाही ना' म्हणून घरच्यांनी मागे ओढलेले दाते असतात, आणि तोवर तिकडे पेशंटची केमो सुरू झालेली असते.

पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी काही अर्ज आणि किटची माहिती घेऊन दाराजवळच्या टेबलापाशी बसणार आहे. बहीण तेव्हा सुट्टीसाठी इथे आलेली असेल, तिच्याशी थेट बोलता येईल. आपल्या शंका जरूर कळवा, मला उत्तर येत नसेल तर ज्यांना येतं त्यांना विचारून सांगेन.